फूटपाथ उचलणारं झाड: काढायचं की ठेवायचं, आणि काढायचं तर कसं?

खडीमुरूम
पुण्याच्या उपनगरातली नेहमीची गल्ली घेऊ. रस्ता ९ मीटर, दोन्हीकडे जेमतेम २ मीटरचा फूटपाथ. कर्बस्टोनला (फूटपाथच्या कडेच्या दगडाला) खेटून गुलमोहर, सोनमोहर, मध्येच एखादा पर्जन्यवृक्ष. छातीच्या उंचीला घेर १५० ते २०० सेंमी आणि आळं मात्र दोन फूट बाय दोन फूट. पेव्हर ब्लॉक बुंध्याभोवती १०-१५ सेंमी वर आलेले, कर्बस्टोन रस्त्याकडे कललेला. आजीआजोबा रस्त्यावरून चालतात आणि सोसायटीचा अर्ज जातो, "सदर धोकादायक झाड काढावे".

"झाडं की माणसं" हा वाद इथे नको, त्याचे धागे या फोरमवर पुष्कळ आहेत. इथे फक्त कामाचं बोलू.

सुरुवात कारणापासून करतो. मूळ पेव्हरला खालून धक्का मारत वर येतं, असा समज आहे. खरं म्हणजे मूळ तिथे जातं कारण आपणच त्याला तिथे नेऊन ठेवलेलं असतं. पेव्हरखाली ३०-४० मिमी कच (बारीक दगडी चुरा), त्याखाली दाबून बसवलेला मुरूम किंवा १०० मिमी पीसीसी (साधं काँक्रीट). दाबलेल्या थरात हवा नसते, त्यामुळे मूळ खाली शिरत नाही. कचीत हवा असते, सांध्यांतून पाणी झिरपतं, शिवाय रात्री ब्लॉकच्या खालच्या बाजूला ओल धरते. करंगळीएवढं मूळ त्या थरातून आडवं निघतं आणि दरवर्षी जाड होत जातं. मनगटाएवढं झालं की वरच्या ६० मिमीच्या ब्लॉकला उचलण्यावाचून त्याला जागाच नसते. पुण्यात बऱ्याच भागांत दोन-तीन फुटांवर कठीण मुरूम नाहीतर काळा दगड लागतो. तिथे सोटमुळाची भाषाच करू नये, मुळं ताटलीसारखी पसरलेली असतात.

म्हणजे झाड काढून त्याच थरावर पुन्हा पेव्हर घातले आणि त्याच जागी दुसरं झाड लावलं, तर पंधरा वर्षांनी हाच धागा पुन्हा निघणार.

पारंबी
+१. सगळी झाडं मात्र एका मापाने मोजू नका.

गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांची मुळं उथळ आणि बुंध्याला आधाराच्या भिंती फुटतात, त्यामुळे दोन फुटांचं आळं दहा वर्षांतच अपुरं पडतं. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक हे फूटपाथवर लावायचेच नव्हते. बुचाचं लाकूड ठिसूळ असतं आणि मुळाला जखम झाली की तिथून नवीन रोप फुटतं. स्पॅथोडिया, म्हणजे आपली पिचकारी, मुळांनी नाही तर फांद्यांनी दगा देते. कडुनिंब आणि करंज फूटपाथ उचलतात, पण धीराने. बहावा, तामण, कांचन यांच्यामुळे पेव्हर उचलले गेले असं फार क्वचित दिसतं.

काढायचं की ठेवायचं हे फूटपाथ बघून ठरवू नका, बुंध्याचा तळ बघून ठरवा. चार पेव्हर काढा, माती हाताने बाजूला करा आणि मुळं जिथून निघतात तो उतार उघडा करा. लाकडी हातोडीने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, ढोलकीसारखा आला तर आतून पोकळ. पोकळ असणं म्हणजे लगेच पडणं नव्हे. बाहेरच्या निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी झाली की काळजी करायची. तळाशी तपकिरी, वार्निश लावल्यासारखी चकाकणारी छत्री दिसली तर ती गॅनोडर्मा बुरशी. मुळं आत कुजत असल्याची ती खूण आहे आणि अशा झाडाची पानं शेवटपर्यंत हिरवीगार राहू शकतात, म्हणून वरून फसायला होतं.

झाड कललेलं आहे म्हणून घाबरू नका, बरीच झाडं उजेडाकडे वाकून वाढतात. पण कल नवा असेल, कलाच्या उलट बाजूची माती भेगाळून उचललेली असेल, तर वाट बघू नका.

सबबेस
"मुळं छाटा आणि फूटपाथ सपाट करा" हा जो मधला मार्ग सगळ्यांना सुचतो, त्याचं गणित मांडतो.

घेर १८८ सेंमी म्हणजे व्यास ६० सेंमी. मूळ कापायचंच झालं तर बुंध्यापासून व्यासाच्या तिपटीच्या आत हात लावायचा नाही, हा किमान नियम. पाचपट असेल तर बरं. तिप्पट म्हणजे १८० सेंमी. झाडाचा मध्य कर्बपासून ३० सेंमी आत असेल, तर २ मीटरच्या फूटपाथवर कंपाउंडची भिंत झाडापासून १७० सेंमीवर येते. म्हणजे अख्खा फूटपाथ बंदी असलेल्या पट्ट्यात! एवढ्या जाडीच्या झाडासाठी या रुंदीत मोठी मुळं कापायला सुरक्षित जागा उरतच नाही. रस्त्याच्या बाजूची मुळं गटाराच्या कामात आधीच तुटलेली असतात. राहिलेल्या बाजूचीही कापली की झाड फक्त स्वतःच्या वजनावर उभं. पावसाळ्यात माती सैल होते आणि मग ते उभंच्या उभं मुळासकट आडवं होतं. जूनच्या पहिल्या वादळात पडलेल्या झाडांची मुळं जवळून बघा. पुष्कळदा एका बाजूला सरळ, जुना, काळा पडलेला काप दिसतो.

५ सेंमीपेक्षा जाड मूळ जाणकाराला दाखवल्याशिवाय तोडू नये. बारीक मूळ तोडायचं असेल तर करवतीने स्वच्छ काप घ्या. जेसीबीच्या बकेटने ओढलेलं मूळ बुंध्यापर्यंत चिरत जातं आणि कुज तिथूनच शिरते.

कलम_आठ
कायद्याची एक बाजू इथे नेहमी विसरली जाते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये "झाड तोडणे" याची व्याख्या नुसतं बुंध्यातून कापणं एवढीच नाही. जाळणं, छाटणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे त्यात येतं. त्यामुळे "आम्ही झाड तोडलं नाही, फक्त मुळं साफ केली" हा ठेकेदाराचा बचाव टिकत नाही. फूटपाथच्या कामाच्या आदेशात मुळांचा उल्लेख नसेल तर वृक्ष अधिकाऱ्याची वेगळी परवानगी घ्या.

अर्जात "पानांचा कचरा होतो, फूटपाथ खराब होतो" असं मोघम लिहू नका. कायद्याला कळणारी कारणं म्हणजे झाड मेलेलं किंवा रोगट आहे, जीविताला वा मालमत्तेला धोका आहे, रहदारीला अडथळा आहे. घेर, जात, बुंध्यापासून भिंतीपर्यंत मोकळी रुंदी, पेव्हर किती सेंमी उचलले, तळाचे फोटो, हे सगळं जोडा. झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात, आणि परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस थांबावं लागतं. त्याच दिवशी करवत घेऊन आलात तर अडचणीत याल.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. तीस वर्षांच्या गुलमोहराला तीस रोपं. ती कुठे लावणार हे अर्जाच्या वेळीच ठरलेलं असू द्या.

शेवग्याची_शेंग
पुनर्रोपण का नाही करत? झाडही वाचेल, फूटपाथही. आणि दुसरं, बुडख्यात मीठ किंवा ॲसिड ओतून मुळं मारतात असं ऐकलंय, ते चालतं का?

पारंबी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. मीठ जमिनीत राहतं, शेजारच्या झाडांना लागतं आणि नवीन रोपही तिथे तगत नाही. ॲसिडने कर्बचं काँक्रीट आणि नळाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खराब होतो. उभ्या झाडावर असले प्रयोग केले तर कलम_आठ यांनी सांगितलेली व्याख्या लागू होतेच.

पुनर्रोपणाचं गणित सोपं आहे. मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ ते दहापट रुंद लागतो. घेर ६० सेंमी, म्हणजे व्यास १९ सेंमी, असलेल्या तरुण झाडालासुद्धा जवळपास २ मीटर रुंद गोळा. खोली १ मीटर धरली तर ३ घनमीटर माती, म्हणजे पाच टनांच्या वर. फूटपाथच २ मीटरचा, त्यात पाण्याची लाइन, गॅस आणि केबल. गोळा निघणार कुठून? जे निघतं ते चारी बाजूंनी तासलेलं खोड असतं. ते नेऊन रोवतात, पहिल्या पावसात पालवी फुटते, फोटो निघतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतं. उघड्या मैदानातलं लहान झाड, आधी काही महिने टप्प्याटप्प्याने मुळं छाटून तयार केलेलं, ते जगू शकतं. १८८ सेंमी घेराचा फूटपाथवरचा गुलमोहर नाही.

सबबेस
काढायच्या आधी दोन गोष्टी करून बघण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे फूटपाथ वर उचलणं. पेव्हर आणि कच काढा, मूळ तसंच ठेवा. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड, मग २० ते ४० मिमीची स्वच्छ खडी ७५ मिमी, त्यात भुकटी अजिबात नको. पुन्हा कापड, वर ३० मिमी कच आणि ६० मिमीचे ब्लॉक. धुतलेल्या खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत ओल टिकत नाही, म्हणून मूळ तिथे वर सरकत नाही. मधलं कापड विसरलात तर कच पहिल्याच पावसात खडीत उतरते आणि ब्लॉक डुगडुगतात. मुळाच्या डोक्यावर १६५ मिमी जाडी होते. आजूबाजूच्या पातळीपेक्षा १५० मिमी वर जायचं तर १:१२ उताराने दोन्हीकडे १.८ मीटर लांबीचा चढ लागतो. त्या अंतरात सोसायटीचं गेट आलं की योजना बारगळते. आडवा उतार रस्त्याकडेच ठेवा, २ मीटरला ४ सेंमी, नाहीतर पावसाचं पाणी कंपाउंडमध्ये शिरेल आणि पुढचा अर्ज त्याचा येईल.

दुसरी गोष्ट, झाड जागेवर ठेवून चालणाऱ्यांना वळवणं. ६० सेंमी व्यासाच्या गुलमोहराचा तळ मीटरभर पसरलेला असतो, म्हणजे २ मीटरमध्ये मोकळी रुंदी मीटरभरच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ती मिळवायची तर पार्किंगच्या पट्ट्यातली एक गाडीची जागा घेऊन कर्ब रस्त्याकडे बाहेर काढावा लागतो. आळं १.५ बाय ३ मीटर होतं, झाडाला श्वास मिळतो. एक पार्किंग जातं, आणि खरा विरोध त्यालाच होतो. झाड काढण्याच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या मिळतात, एक गाडी हलवायच्या अर्जावर नाही मिळत.

आळ्याबद्दलही सांगतो. दिल्लीच्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे अजून बुंध्याला चिकटवून ब्लॉक बसवतात, वर लोखंडी कडं, आणि दहा वर्षांनी ते कडं सालीत रुतलेलं.

दोरकरवत
आता समजा झाड काढायचंच ठरलंय. गल्लीत उभं झाड पाडायचा विषयच नाही, वरून खाली तुकड्यांनी उतरवायचं.

आदल्या दिवशी दुर्बिणीने शेंडा बघा. घरटी, खारींचे खोपे, आग्या मोहोळ. मोहोळ असेल तर काम थांबवा. चेन सॉच्या आवाजाने आणि धुराने माश्या उठल्या की वर चढलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

वीजपुरवठा बंद करायची मागणी महावितरणकडे लेखी द्या. बंद झाला म्हणून तारेला हात लावू नका, लाइनमनने तपासून अर्थिंग केल्याशिवाय करवत सुरू करायची नाही. दोन सापळे आहेत. पथदिव्यांच्या तारेचा पुरवठा वेगळीकडून असू शकतो, तो संध्याकाळी आपोआप सुरू होतो. आणि एखाद्या बंगल्याचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर मेलेली तार उलटीकडून जिवंत होते.

चढणाऱ्याला पूर्ण हार्नेस. करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेला असलाच पाहिजे, त्यातला एक दोर करवतीने कापला जाणार नाही असा, स्टीलची कोअर असलेला. नुसता कमरेला दोर म्हणजे सुरक्षा नव्हे.

फांदी उतरवताना आधी खालून एक चतुर्थांश ते एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं बाहेर वरून. थेट वरून कापली तर फांदी अर्धवट मोडते, साल चिरत खाली येते आणि झोका घेऊन चढलेल्या माणसावर आदळते. उतरवायचा दोर खालच्या माणसाने हातात धरायचा नाही. बुंध्याला दोन-तीन वेढे द्या, घर्षणाने वजन बुंधा घेतो, माणूस फक्त दोर सोडतो. वजनाचा अंदाज असा घ्या. ओलं लाकूड घनमीटरला ढोबळ एक टन धरायचं. ६० सेंमी जाड, १ मीटर लांब ओंडका म्हणजे ०.२८ घनमीटर, पावणेतीनशे किलो. तो दीड मीटर मोकळा पडून दोराला हिसका बसला तर भार त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून जाड खोडाचे फुटाफुटाचेच तुकडे, नाहीतर सरळ हायड्रा क्रेन लावा.

गुलमोहराची वाळलेली फांदी आणि पिचकारीची कुठलीही फांदी, यांच्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही. आतून भुसा झालेला असतो आणि बाहेरून कळत नाही.

खडीमुरूम
इथपर्यंत सगळं नीट होतं आणि मग ठेकेदार फूटभर बुडखा ठेवून निघून जातो. फूटपाथला झाडाचा अडथळा होता, आता बुडख्याचा, आणि तो रात्री दिसतही नाही.

बुडखा अंतिम पातळीच्या खाली ३० ते ४५ सेंमीपर्यंत गेला पाहिजे. ग्राइंडर मिळाला तर उत्तम, पण कर्बखालच्या काँक्रीटला आणि दगडाला त्याचे दात लागून मोडतात, त्यामुळे कर्बस्टोन आधी काढून ठेवा. जेसीबीने ओढण्याआधी चारी बाजूंनी हाताने चर खोदा. टिकाव जपून, पहार त्याहून जपून. सोसायट्यांचे अर्ध्या-पाऊण इंची नळजोड फूटपाथखाली फूट-दीड फुटावरच असतात आणि मुळांनी त्यांना चक्क मिठी मारलेली असते. बुडखा ओढला की जोड त्याच्याबरोबर येतो. पिवळी पट्टी दिसली म्हणजे खाली गॅस, विटांची किंवा फरशांची ओळ लागली म्हणजे वीजकेबल. थांबायचं, संबंधितांना बोलवायचं.

ग्राइंडिंगचा भुसा खड्ड्यात परत ढकलू नका. तो कुजून बसतो आणि वरचे ब्लॉक खचतात. भुसा काढून टाका, मुरूम १५ सेंमीच्या थरांनी भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोका. लांब पसरलेली मुळं जमिनीतच राहणार, ती दोन-तीन पावसाळ्यांत कुजून लांबट खळ्या पडतील. म्हणून तिथे लगेच काँक्रीट ओतू नका. पेव्हर घाला. खळी पडली तर चार ब्लॉक उचलून कच टाकता येते.

पारंबी
पिंपळ, वड, बुच असेल तर सहा महिने लक्ष ठेवा. राहिलेल्या तुकड्यातून धुमारे येतात. बोटाएवढे असतानाच मुळासकट उपटा, कापत बसलात तर दाट होतात.

नवं झाड त्याच खड्ड्यात नको, जुनी मुळं कुजताना माती खचत राहते. मीटर-दीड मीटर सरका. खड्डा किमान १.२ मीटर चौरस, आळं त्याहून लहान ठेवायचं नाही. वर तारा असतील तर कांचन, नसतील तर बहावा किंवा तामण. रोपाची पिशवी फाडून बघा. तळाशी मुळं स्प्रिंगसारखी गोल फिरलेली असतील तर बाहेरचा वेढा उभ्या कापांनी तोडा, नाहीतर ती पुढे बुंध्यालाच आवळतात. आणि रोप खोल लावू नका, मुळं सुरू होतात ती जागा मातीच्या पातळीला दिसली पाहिजे.

शेवग्याची_शेंग
मुळांचा अडसर प्लास्टिकचा मिळतो ना? तो लावला की झालं?

सबबेस
मिळतो, एचडीपीईचा, १ ते २ मिमी जाड. नव्या झाडालाच लावायचा, जुन्या झाडाला लावायचा तर चर खणताना मुळं तुटणारच. खोली ४५-६० सेंमी. झाडाभोवती गोल डबा करू नका, फक्त फूटपाथच्या कडेला सरळ रेषेत. वरची कड जमिनीपासून २-३ सेंमी बाहेर, नाहीतर मूळ वरून उडी मारतं. आणि खाली दाबलेला मुरूम असेल तर अडसराचा उपयोग नाही, मूळ खाली जाऊन परत वर येतं. तिथे आधी माती सैल करा.

कलम_आठ
वेळेबद्दल कोणी बोललं नाही. कामं मार्चअखेर काढतात, मुळं एप्रिलमध्ये उघडी पडतात, मेमध्ये वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो. ठेवायच्या झाडाच्या मुळांजवळचं काम ऑक्टोबरअखेर ते जानेवारीत उरका. उघडी मुळं ओल्या गोणपाटाने झाका, त्याच दिवशी माती परत टाका.

खडीमुरूम
बरोबर. आणि निविदेत "झाड काढणे" एवढीच एक बाब असते. बुडखा काढणे, भराव व दबाई, पेव्हर पुन्हा बसवणे, तीन पावसाळ्यांनंतरची दुरुस्ती या बाबी वेगवेगळ्या मोजमापासह लिहून घ्या. जुने ब्लॉक काढताना पाडू नका, शंभराच्या थप्प्या लावून मोजून ठेवा. दहा टक्के तुटफूट धरून तेवढेच नवे मागवा, आणि रंग जुळत नसेल तर नवे ब्लॉक बुंध्याकडे न टाकता भिंतीकडच्या ओळीत घाला.